तळं राखणाऱ्याचा पगार

ब्रॉम्प्टनची घडीची सायकल, किंमत साधारण 7,900 डॉलर. व्हिस्की आणि वाइनच्या बाटल्या. लंडनच्या नाटकांची तिकिटं, इंग्लंडमधल्या फुटबॉल सामन्यांची तिकिटं. सिंगापूरच्या फॉर्म्युला वन शर्यतीची तिकिटं. त्यांतल्या 2017 सालच्या फक्त दहा तिकिटांचे 42,265 डॉलर. खासगी विमानाने दोह्याला एक फेरी आणि तिथल्या आलिशान हॉटेलात मुक्काम.

यादी वाचली की हौशी व्याह्यांनी केलेला आहेर डोळ्यांपुढे येतो. आहे मात्र आरोपपत्रातली. घेणारे होते सिंगापूरचे वाहतूकमंत्री एस. ईश्वरन. देणारे दोघे. एक हॉटेल-मालमत्तांचा अब्जाधीश, ज्याच्या कंपनीकडे ही शर्यत भरवण्याचं काम होतं. दुसरा बांधकाम कंत्राटदार, ज्याची कंपनी मेट्रो स्थानकाच्या कामात होती. शर्यतीच्या कराराची बोलणी सरकारच्या बाजूने कोण करत होतं? ईश्वरन. 2015 ते 2022 या सात-आठ वर्षांत घेतलेल्या वस्तूंची एकूण किंमत 4 लाख 3 हजार डॉलरच्या वर गेली. (इथून पुढे डॉलर म्हणजे सिंगापूरचा डॉलर, 2024 च्या भावाने साधारण 64 रुपये.)

आता पगार पाहा. सिंगापूरमध्ये मंत्रिपदाच्या पायाभूत श्रेणीचा ठरलेला वार्षिक पगार आहे 11 लाख डॉलर, म्हणजे आपले सात कोटी रुपये. पंतप्रधानांचा 22 लाख डॉलर. जगातल्या कुठल्याही लोकशाही सरकारच्या प्रमुखाला पगार म्हणून एवढे पैसे मिळत नाहीत. म्हणजे सात-आठ वर्षांचा सगळा आहेर मिळून साडेचार महिन्यांच्या पगाराएवढा. लोकप्रशासनाच्या वर्गात हे प्रकरण घेतलं की या आकड्यावर मुलं हमखास हसतात. मग मागच्या बाकावरून एक प्रश्न येतो, दर वर्षी येतो: 'सर, मग एवढा पगार देऊन उपयोग काय झाला?'

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला सिंगापूरची कहाणी तारखांच्या क्रमाने बघावी लागते, कारण सगळा घोळ तो क्रम विसरल्यामुळे होतो.

आपल्याकडे म्हण आहे, तळं राखील तो पाणी चाखील. या म्हणीत तक्रार नाही. जवळजवळ संमती आहे. राखणदार चार ओंजळी पिणारच, असं आपण गृहीत धरून बसलोय. सिंगापूरने वेगळा तोडगा काढला: राखणदाराला रोज उजेडात, मोजून, घागरभर पाणी द्यायचं, आणि त्याउपर तो तळ्यात ओंजळ बुडवताना दिसला तर आत टाकायचं. तोडग्याचे हे दोन भाग आहेत. जगभर चर्चा होते ती घागरीची. पण आधी आला तो दुसरा भाग, आणि तोही चाळीसेक वर्षं आधी.

आधी काठी, मग घागर

1951 मध्ये सिंगापूरच्या किनाऱ्यावर 1,800 पौंड अफू लुटली गेली. चौकशीत पोलिसांतलेच लोक सामील निघाले. पोलिसांच्या लाचखोरीचा तपास पोलिसांकडेच ठेवण्यातला विनोद इंग्रजांच्या लक्षात आला आणि 1952 मध्ये त्यांनी वेगळी तपास संस्था काढली: करप्ट प्रॅक्टिसेस इन्व्हेस्टिगेशन ब्युरो, सीपीआयबी. 1959 मध्ये ली क्वान यू यांची पीपल्स ॲक्शन पार्टी सत्तेवर आली. हे लोक पांढरा सदरा आणि पांढरी पँट घालून शपथेला गेले, स्वच्छतेची खूण म्हणून. पांढरे कपडे आपल्याही पुढाऱ्यांकडे आहेत, तेव्हा त्यावर फार विसंबू नये. विसंबायचं ते 1960 च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यावर. त्यात दोन तरतुदी अशा होत्या की कुणाही मंत्र्याची झोप उडावी. सरकारशी काम असलेल्या माणसाकडून सरकारी माणसाने काही घेतलं तर ते लाच म्हणूनच घेतलं असं न्यायालय धरून चालणार. तसं नाही, हे सिद्ध करायचं घेणाऱ्याने. आणि उत्पन्नाशी न जुळणारी संपत्ती सापडली तर ती पुराव्यात धरली जाणार.

त्या काळात मंत्र्यांचे पगार डोळे दिपवणारे नव्हते. ली यांचा स्वतःचा पगार पहिली अनेक वर्षं महिना 3,500 डॉलरवरच अडकलेला होता.

1975 मध्ये पर्यावरण खात्याचे राज्यमंत्री वी तून बून यांच्यावर खटला झाला. एका बिल्डरने त्यांना कुटुंबासह इंडोनेशियाची सहल घडवली होती, वर एक बंगला दिला होता. साडेचार वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती दीड वर्षावर आली. ही सहल लक्षात ठेवा. सत्तेचाळीस वर्षांनी दोह्याला जाणारं विमान त्याच मार्गावरून उडतं.

1986 मध्ये राष्ट्रीय विकासमंत्री तेह चियांग वान यांच्यावर प्रत्येकी चार लाखांच्या दोन रकमा घेतल्याचा आरोप आला. दोन्ही जमिनीच्या व्यवहारांत: एकात संपादनाला निघालेली जमीन वाचवायची होती, दुसऱ्यात सरकारी जमीन मिळवायची होती. चौकशी चालू असताना त्यांनी पंतप्रधानांची भेट मागितली. ली यांनी चौकशी संपेपर्यंत भेटायचं नाकारलं. डिसेंबरात तेह यांनी आत्महत्या केली. जुना सहकारी, मंत्रिमंडळातला माणूस, आणि भेटसुद्धा नाही. मला विचाराल तर सिंगापूरच्या राजकारण्यांना कोणत्या एका गोष्टीने सरळ ठेवलं असेल, तर त्या न झालेल्या भेटीने. त्या बंद दाराची किंमत कुठल्याच वेतन आयोगाला काढता येणार नाही.

पगाराची गोष्ट यानंतर सुरू होते. ऑक्टोबर 1994 मध्ये पंतप्रधान गोह चोक टाँग यांच्या सरकारने श्वेतपत्रिका काढली. ली तेव्हा ज्येष्ठ मंत्री होते आणि संसदेत या श्वेतपत्रिकेची तळी त्यांनीच सगळ्यात जोरात उचलली. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: चाळिशीतला नामवंत सर्जन किंवा वकील, घराचे हप्ते चालू, मुलं शाळेत, त्याला निम्म्या-पाव कमाईवर मंत्री व्हायला बोलावलं तर तो येणार नाही. येईल तो एकतर दुय्यम कुवतीचा असेल, नाहीतर वसुली मागच्या दाराने करेल. म्हणून मंत्र्यांचा पगार सहा धंद्यांतल्या अव्वल कमाईशी बांधला: वकिली, बँकिंग, हिशेबतपासणी, इंजिनिअरिंग, स्थानिक कारखानदारी आणि बहुराष्ट्रीय कंपन्या. प्रत्येकातले चार सर्वाधिक कमावणारे घ्यायचे, सरासरी काढायची, तिचा दोन-तृतीयांश तो मंत्र्याचा पगार.

दुसऱ्याच वर्षी, 1995 मध्ये, ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलने भ्रष्टाचाराचा पहिला जागतिक निर्देशांक काढला. न्यूझीलंड पहिलं, डेन्मार्क दुसरं, सिंगापूर तिसरं. नव्या पगाराला तेव्हा जेमतेम वर्ष होत आलं होतं. एका वर्षाच्या पगाराने देश तिसरा येत नाही. स्वच्छता आधीच होती. पगार नंतर आला. आणि पुढे असलेल्या दोन्ही देशांतले मंत्री सिंगापूरच्या मानाने आजही किरकोळ पगारावर काम करतात.

मग पगार वाया गेला का? नाही. पण त्याने जे केलं ते वेगळंच.

पगाराने कोण येतं

पीपल्स ॲक्शन पार्टीत उमेदवार निवडण्याची एक पद्धत आहे: चहाला बोलावणं. डॉक्टर, सनदी अधिकारी, लष्करातले ब्रिगेडियर, कंपन्यांतले वरचे लोक यांना निमंत्रण जातं, मंत्री बसून गप्पा मारतात, मग आणखी एक चहा, मग आणखी एक. ज्याने आयुष्यात पक्षाचं एक पोस्टर चिकटवलेलं नाही असा माणूस दोन-तीन वर्षांत राज्यमंत्री होतो. आपल्याकडच्या सतरंज्या उचललेल्या कार्यकर्त्याला हे ऐकून घाम फुटेल. पगाराचा खरा गिऱ्हाईक म्हणजे चहाच्या टेबलावरचा हा माणूस. नाही म्हणायला त्याच्याकडे पैशाचं कारण राहू नये, एवढ्यासाठी तो आकडा आहे.

पगाराने येणारी माणसं बदलतात, याला बाहेरूनही दुजोरा मिळतो. ब्राझीलमध्ये नगरपालिकांच्या नगरसेवकांच्या पगाराची कमाल मर्यादा शहराच्या लोकसंख्येवर ठरते; ठरावीक आकडा ओलांडला की मर्यादा एकदम उडी मारते. त्यामुळे जवळपास सारखीच दोन शहरं, एक रेषेच्या अलीकडे आणि एक पलीकडे, अशी तुलना करता येते. अभ्यासकांना दिसलं की पगार जास्त तिथे उमेदवार जास्त उभे राहतात, जास्त शिकलेले येतात आणि निवडून आल्यावर जास्त विधेयकं मांडतात. इटलीत महापौरांचा पगार पाच हजार लोकवस्तीला वाढतो. तिथेही शिकलेल्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

पण आलेला माणूस हात मारणार नाही, हे यातून सिद्ध होत नाही. 2010 मध्ये घाना सरकारने पोलिसांचे पगार दुप्पट केले, रस्त्यावरची चिरीमिरी थांबावी म्हणून. ट्रकवाल्यांकडून उकळलेल्या पैशांच्या नोंदी तपासल्या तेव्हा पोलीस पूर्वीपेक्षा जास्त मागताना आढळले. पोलीस म्हणजे राजकारणी नव्हेत, हे खरं. पण पगार वाढला, धाक तेवढाच राहिला, तर काय होतं याचा इतका उघडानागडा दाखला दुसरा मला माहीत नाही. केनियाच्या खासदारांचा पगार सामान्य माणसाच्या उत्पन्नाशी ताडून पाहिला तर जगातल्या सर्वांत फुगलेल्यांपैकी. 2013 मध्ये त्यांनी तो आणखी वाढवून घ्यायचा घाट घातला तेव्हा लोकांनी नैरोबीत संसदेच्या दारात डुकरं आणून सोडली.

डुकरं सिंगापूरमध्ये कुणी सोडली नाहीत, तिथे त्याला परवानगी मिळाली नसती. तिथे शेंगदाणे आले. 2005 मध्ये एका धर्मादाय संस्थेच्या प्रमुखाला वर्षाला सहा लाख डॉलर पगार मिळतो, हे कोर्टात उघड झालं आणि देश खवळला. संस्थेच्या आश्रयदात्या होत्या माजी पंतप्रधान गोह यांच्या पत्नी. त्या म्हणाल्या, एवढा मोठा कारभार सांभाळणाऱ्याला सहा लाख म्हणजे शेंगदाणे. झालं. पुढे कित्येक महिने सिंगापूरकर एकमेकांना शेंगदाण्यांत पगार विचारत होते.

2007 ची वाढ, 2011 ची मतपेटी

सूत्रात एक खोट होती आणि ती वर यायला वेळ लागला. अव्वल वकील-बँकरांची कमाई सामान्यांपेक्षा वेगाने वाढते, म्हणजे विषमता वाढली की मंत्र्यांचा पगार आपोआप वाढतो. एप्रिल 2007 मध्ये पंतप्रधान ली ह्सियन लूंग (ली क्वान यू यांचे चिरंजीव) यांचा वार्षिक पगार 25 लाखांवरून 31 लाख डॉलरवर गेला. अमेरिकेचा अध्यक्ष तेव्हा चार लाख अमेरिकी डॉलर घेत होता. टीका एवढी झाली की पाच वर्षं वाढीव रक्कम सत्कार्याला देऊन टाकू, असं ली यांना जाहीर करावं लागलं.

पगाराखेरीज बोनस होता, आणि तो देशाच्या जीडीपीच्या वाढीशी बांधलेला होता. कागदावर कल्पना झकास: देश वाढला तर मंत्र्यांची चांदी. 2010 मध्ये अर्थव्यवस्था 14 टक्क्यांहून जास्त वाढली आणि मंत्र्यांना भरघोस बोनस मिळाला. त्याच वर्षांत बाहेरून आलेल्या कामगारांची संख्या झपाट्याने वाढली होती, घरं महागली होती, मेट्रोत पाय ठेवायला जागा नव्हती. बोनसच्या लोभाने मंत्र्यांनी माणसं आयात केली असं मी म्हणत नाही. त्याला पुरावा नाही. पण मेट्रोत लोंबकळणाऱ्या माणसाला ज्या आकड्याचा त्रास होत होता, त्याच आकड्यावर मंत्र्याला बक्षीस मिळत होतं. त्या माणसाला पुराव्याची गरज नव्हती.

7 मे 2011 च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला 60.1 टक्के मतं पडली. आपल्याला हा आकडा विक्रमी विजयाचा वाटेल. तिथे तो स्वातंत्र्यानंतरचा नीचांक होता. अल्जुनिएद हा पाच जागांचा मतदारसंघ विरोधकांकडे गेला आणि परराष्ट्रमंत्री जॉर्ज यो तिथे पडले. दोनच आठवड्यांत पगारांच्या फेरविचारासाठी जेरार्ड ई यांची समिती नेमली गेली.

जानेवारी 2012 मध्ये आलेला तिचा अहवाल हा या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता कागद आहे, कारण त्यात राजकारण्याच्या पगारपत्रकाचा अक्षरशः सांगाडा दिसतो. नवं सूत्र असं: देशातले सर्वाधिक कमावणारे 1,000 नागरिक घ्यायचे, त्यांच्या कमाईचा मध्यक (म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा आकडा) काढायचा, आणि त्यातून 40 टक्के कापायचे. ही कपात कसली? सेवेच्या व्रताची. त्यागाची टक्केवारी ठरवणारा सरकारी कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

यातून निघाला महिना 55,000 डॉलर. वर्षाला धरायचे 20 महिने: 12 नेहमीचे, एक तेरावा महिना, एक महिना अर्थव्यवस्थेच्या तब्येतीनुसार, तीन महिने मंत्र्याच्या कामगिरीचे, तीन महिने राष्ट्रीय बोनसचे. वीस गुणिले 55,000, झाले 11 लाख. पूर्वीपेक्षा 37 टक्के कमी. पंतप्रधानांचा 36 टक्क्यांनी उतरून 22 लाख झाला, राष्ट्राध्यक्षांचा निम्म्याहून खाली आला, आणि मंत्र्यांचं पेन्शन बंद.

राष्ट्रीय बोनस आता एका आकड्यावर नाही, चारांवर: जीडीपीची खरी वाढ, मधल्या माणसाच्या उत्पन्नाची खरी वाढ, तळच्या 20 टक्क्यांच्या उत्पन्नाची खरी वाढ, आणि बेरोजगारीचा दर. मतपेटीने शिकवलेला धडा असा थेट पगारपत्रकात उतरलेला क्वचितच दिसतो.

आणि कामगिरीचे तीन महिने? ते पंतप्रधान ठरवतात, मंत्र्याचं काम बघून. मग पंतप्रधानांच्या कामाला गुण कोण देणार? समितीने सरळ सांगितलं, त्यांच्या वर कुणी नाही, म्हणून त्यांना हा बोनसच नाही. त्याऐवजी राष्ट्रीय बोनस दुप्पट. मला यात समितीचा प्रामाणिकपणा दिसतो, आणि पैशाने वागणूक सुधारायच्या सगळ्या योजना जिथे अडतात ती जागाही दिसते. शिपायाच्या कामाला हवालदार गुण देतो, हवालदाराच्या कामाला फौजदार. शेवटच्या पायरीवर गुण देणारा मतदारच असतो, आणि त्याला महिन्याला नव्हे, पाच वर्षांनी विचारतात.

आणखी एक. त्या चार आकड्यांत सचोटीचा आकडा नाही. असणारही नाही. 'या वर्षी काहीही घेतलं नाही, सबब दीड महिन्याचा बोनस' असं लिहायची सोय जगातल्या कुठल्याच सूत्रात नाही. उत्पन्नवाढ, रोजगार मोजता येतात. न घेतलेली सायकल मोजता येत नाही.

5,700 डॉलरचं तिकीट

ईश्वरन यांना 11 जुलै 2023 ला अटक झाली. रजेवर पाठवून त्यांचा पगार महिना 8,500 डॉलरवर आणला. जानेवारी 2024 मध्ये 27 आरोप ठेवले गेले. त्यांनी राजीनामा दिला, सगळे आरोप नाकारले आणि अटकेनंतर मिळालेला पगार परत केला. मार्चमध्ये आणखी आठ आरोप आले.

त्यातला दोह्याचा प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. डिसेंबर 2022, कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक चालू. अब्जाधीश मित्राने विचारलं, येता का? माझ्या विमानातून चला. मंत्री रजा टाकून गेले, दुसऱ्या दिवशी परतले. परतीचं बिझनेस क्लासचं तिकीट शर्यतीच्या कंपनीने काढलं, 5,700 डॉलरचं. पुढे मे 2023 मध्ये सीपीआयबी शर्यतीच्या तिकिटांचा एक वेगळाच तपास करत होती. त्यात त्या विमानाच्या प्रवाशांची यादी त्यांच्या हाती लागली. मित्राने ही खबर मंत्र्यांना दिली. तेव्हा मंत्र्यांनी काय केलं? परतीच्या तिकिटाचं बिल मला पाठवायला सांगा, म्हणाले, आणि पाच महिन्यांनी 5,700 डॉलर भरून टाकले. न्यायात अडथळा आणल्याचा गुन्हा ठरला तो या भरण्यामुळे.

वर्षाला दहा-अकरा लाख डॉलर कमावणाऱ्याला 5,700 जड नव्हते. ते त्याने पहिल्याच दिवशी भरले असते तर तेवढ्यापुरता प्रश्नच मिटला असता. पण अशा मैत्रीत पैसे देणं हाच अपमान असतो. 'काय राव, तुम्ही पैसे देणार?' हे वाक्य आपल्याकडे हॉटेलच्या गल्ल्यावर रोज ऐकू येतं, तेच तिथे विमानात. गरिबाची लाच गरजेपोटी असते. श्रीमंत मंत्र्याची लाच बहुतेक वेळा आपलेपणाचं रूप घेऊन येते, आणि पगारवाढ तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. उलट, पगारामुळे मंत्री अशा वर्तुळात जाऊन बसतो जिथे विमान असणं ही साधी गोष्ट असते.

24 सप्टेंबर 2024 ला, खटल्याच्या पहिल्याच दिवशी, सरकारी वकिलांनी भ्रष्टाचाराचे दोन मुख्य आरोप बदलले. देणारा आणि घेणारा दोघेही 'कामाच्या बदल्यात काही नव्हतं' म्हणणार, मग सिद्ध कसं करायचं, ही अडचण त्यांनी मान्य केली. त्याजागी आलं दंडसंहितेचं कलम 165. ईश्वरन यांनी त्याखालचे चार आणि अडथळ्याचा एक, असे पाच गुन्हे कबूल केले. बाकीचे 30 शिक्षा ठरवताना विचारात घेतले गेले.

हे कलम 165 आपल्याला परकं नाही. सिंगापूरची दंडसंहिता मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या 1860 च्या भारतीय दंडसंहितेचीच लेक. कलमाचा आकडासुद्धा तोच. लोकसेवकाने ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याच्याकडून मौल्यवान वस्तू फुकट किंवा नाममात्र किमतीत घेतली, की गुन्हा. बदल्यात काय केलं, हे दाखवायची गरज नाही. आपल्याकडे 161 ते 165-अ ही कलमं 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने दंडसंहितेतून उचलून आपल्या पोटात घेतली. 165 चा आशय तिथे कलम 11 मध्ये आहे. म्हणजे हत्यार दोघांकडे एकच. त्यांच्याकडे ते पदावरच्या मंत्र्यावर चाललं.

सरकारी वकिलांनी सहा-सात महिने मागितले होते. न्यायाधीश व्हिन्सेंट हूंग यांनी 3 ऑक्टोबरला 12 महिने दिले. पद जितकं वरचं तितका दोष जास्त, हे त्यांनी धरलं. आणि आधी जाहीरपणे सगळं नाकारलेल्या माणसाच्या पश्चात्तापावर त्यांनी फार भरवसा ठेवला नाही. ईश्वरन यांनी 3 लाख 80 हजार डॉलर सरकारजमा केले. जवळपास पन्नास वर्षांत तुरुंगात गेलेले ते पहिले माजी मंत्री. याआधीचे वी तून बून, इंडोनेशियाच्या सहलीवाले.

मागच्या बाकावरच्या मुलाला मी जे उत्तर देतो ते हे: पगाराने ईश्वरन थांबले नाहीत, पण पगाराने त्यांच्या बाजूने बोलायला कुणाला जागा ठेवली नाही. 'बिचाऱ्याचं भागत नव्हतं' हे वाक्य त्या देशात कुणाच्या तोंडून निघालंच नाही. एवढं काम पगार करतो. मोठं काम आहे, पण एवढंच.

इकडचा हिशेब

हे सूत्र आपल्याकडे आणा असं दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी लिहितं. त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 106 आणि 195 नुसार खासदार-आमदारांचे पगार त्यांचीच सभागृहं ठरवतात. 2016 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक चर्चेविना एकमताने मंजूर केलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्या दिवशी एका सुरात होते. खासदारांच्या बाबतीत 2018 पासून पगार महागाईच्या निर्देशांकाला बांधला, ही त्यातल्या त्यात सुधारणा.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. सिंगापूरमध्ये निवडणूक खर्चाची मर्यादा दर मतदारामागे 4 डॉलर होती, 2025 मध्ये 5 झाली. पंचवीस हजार मतदारांच्या मतदारसंघात चारच्या दराने लाखभर डॉलर, म्हणजे मंत्र्याच्या वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, थोडा जास्त. आपल्याकडे मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख रुपयांची मर्यादा आहे. खासदाराचा मूळ पगार 1 एप्रिल 2023 पासून महिना 1 लाख 24 हजार. भत्ते सोडले तर 95 लाख जमायला 77 महिने लागतात. मुदत 60 महिन्यांची. आणि ही झाली कायद्याने बांधलेली मर्यादा. खऱ्या खर्चाचा आकडा उमेदवार कुठे लिहून देत नाहीत, टपरीवर मात्र सगळ्यांना पाठ असतो. सिंगापूरचा पगार गृहीत धरतो की माणूस खुर्चीत बसताना त्याच्या डोक्यावर देणं नाही. आपल्याकडे तो बसतो तेव्हा वही उघडलेली असते.

ही वही गावपातळीवर सगळ्यात स्वच्छ वाचता येते. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या, कारण पदांसाठी जाहीर लिलाव झाल्याचं पुढे आलं होतं. उमराण्यात मंदिराच्या कामासाठी बोली लागली आणि ती दोन कोटींच्या वर गेली, अशा बातम्या होत्या. सरपंचाचं मानधन तेव्हा लोकसंख्येप्रमाणे महिना 3,000 ते 5,000 रुपये. वरचा आकडा धरला तरी पाच वर्षांचे होतात तीन लाख.

सप्टेंबर 2024 मध्ये, ज्या महिन्यात ईश्वरन न्यायालयात गुन्हा कबूल करत होते, त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने सरपंचांचं मानधन दुप्पट केलं. आता पाच वर्षांचे सहा लाख होतात.